गोडी मोजतां येते काय?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों होतों. उपासना आटोपली, परंतु पाऊस थांबेना, म्हणून सर्व जण मंदिरांतच बसून राहिले. तेव्हां एका तरुणानें आपल्या मोबाईलवर एक भजन लाविलें. चाल साधी, पण मनांत रेंगाळणारी होती. मध्यें बांसरी, मागें मृदंग, आणि गाणाराचा आवाज भरदार. तेथील वृद्ध उपदेशक, ज्यांनीं चाळीस वर्षें गांवोगांव हिंडून भजनें गाइलीं आहेत, डोळे मिटून ऐकत होते. भजन संपतांच ते म्हणाले, "ज्यानें हें रचिलें त्याचें देव कल्याण करो." त्यावर तो तरुण हंसून म्हणाला, "बाबा, हें कोणीं रचिलेलेंच नाहीं. यंत्रानें रचिलें. आवाजहि यंत्राचाच आहे." म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. पाऊस उघडल्यावर आम्हांस रस्त्यापर्यंत पोंचवावयास ते आले, आणि चिखलांत काठी टेकीत म्हणाले, "पाळकसाहेब, माझें मन द्रवलें, तें खोटेंच म्हणावयाचें काय?"

त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें, पण तें आमचें आम्हांसच पटलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस हा प्रश्न आमच्या मागें लागला. यंत्राजवळ आहे काय तर गणित. तें मोजतें आणि मांडतें, याहून दुसरें कांहीं करीत नाहीं. मग गणितानें जर आमचें अंतःकरण हालवितां येतें, तर गाण्यांत आम्हांस जें सुख होतें तें काय आहे? तें बेरीज-वजाबाकीचें फळ आहे काय? आणि तसें असल्यास आम्ही ज्यास भक्तीचा उमाळा म्हणतों त्यांतील किती भाग भक्तीचा आणि किती भाग हिशेबाचा? हा प्रश्न एकट्या त्या उपदेशकांचा नाहीं असें समजून आम्ही त्याचा विचार येथें मांडीत आहों.

प्रश्न फार जुना आहे. ग्रीस देशाचा तत्त्वज्ञ पायथागोरस हा ख्रिस्तापूर्वीं सुमारें पांचशें वर्षें होऊन गेला. त्याच्या नांवावर जो शोध सांगतात तो कोणासहि घरीं करून पाहतां येईल. एक पोलादी तार लांकडी फळीवर दोन खिळ्यांमध्यें घट्ट ताणावी आणि छेडावी. जो नाद निघेल त्यास षड्ज म्हणावें. मग तारेच्या बरोबर मध्यावर बोट दाबून अर्धी तार छेडावी. तोच षड्ज वरच्या सप्तकांत ऐकूं येईल. तीन भागांपैकीं दोन भाग छेडिले तर पंचम निघतो, आणि चारांपैकीं तीन भाग छेडिले तर मध्यम. म्हणजे कानास जे स्वर एकमेकांशीं सर्वांत अधिक जुळतात, त्यांच्या तारा एकास दोन, दोहोंस तीन, तीहींस चार अशा लहान लहान अंकांच्या प्रमाणांत असतात. जो मनुष्य हें पहिल्यानेंच पाहतो तो चकित झाल्यावांचून राहत नाहीं. कानाला अंक शिकविलेले नाहींत, तरी तो अंकांनाच होकार देतो.

याच पायथागोरसाविषयीं आणखी एक गोष्ट सांगतात. तो लोहारशाळेवरून जात असतां हातोड्यांचे आवाज त्यास सुरांत जुळलेले वाटले, आणि हातोडे तोलून पाहतां त्यांचीं वजनें १२, ९, ८ व ६ अशीं भरलीं. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. हातोड्याच्या वजनावरून त्याचा सूर असा ठरत नाहीं. तारेस वजनें टांगून पाहिलीं तरी हे अंक जमत नाहींत. कारण वरचा षड्ज काढावयास वजन दुप्पट नव्हे, चौपट टांगावें लागतें. हें सोळाव्या शतकाच्या अखेरीस विन्सेंझो गॅलिली या इटालियन संगीतज्ञानें प्रयोग करून दाखविलें. प्रख्यात ज्योतिषी गॅलिलिओचा हा बाप. तोंपर्यंत हजार वर्षांहून अधिक काळ मोठमोठे विद्वान् ती गोष्ट एकमेकांच्या पुस्तकांतून उतरून घेत होते, आणि एकानेंहि हातोडा हातीं घेतला नाहीं. (आम्ही उपदेशक मंडळी दृष्टांत सांगतों तेव्हां आमचेंहि कधीं कधीं असेंच होतें. तें असो.)

या अंकांवरून पुढें जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्स यानें १७१२ सालीं एका पत्रांत असा विचार मांडिला कीं, संगीत ऐकतांना आपला आत्मा गुप्तपणें मोजणी करीत असतो, फक्त आपण मोजतों आहों हें त्यास ठाऊक नसतें. हा विचार जर खरा असेल, तर तीच मोजणी उघडपणें कागदावर करून गोडी किती हें ठरवितां आलें पाहिजे. तें काम लिओनार्ड ऑयलर यानें हातीं घेतलें. हा स्वित्सर्लंडांतील एका पाळकाचा मुलगा. बापानें त्यास धर्मशास्त्र शिकावयास घातलें होतें, पण तो गणिताकडे गेला आणि त्या शास्त्रांत त्याची बरोबरी करणारे फारच थोडे झाले. १७३९ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें त्यानें संगीतावर एक ग्रंथ छापिला, आणि त्यांत गोडीच्या पायऱ्या लाविल्या.

त्याची रीत शाळेंतील मुलासहि समजेल अशी आहे. दोन स्वरांचें प्रमाण लहानांत लहान पूर्णांकांत मांडावें. त्या अंकांचा लघुतम साधारण विभाज्य काढून त्याचे मूळ अवयव पाडावे. प्रत्येक अवयवांतून एक वजा करून जे उरेल त्याची बेरीज करावी, आणि शेवटीं तींत एक मिळवावा. येणारा अंक जितका लहान तितकी गोडी अधिक. षड्ज आणि वरचा षड्ज यांचें प्रमाण २ : १, म्हणून पायरी दुसरी. पंचमाचें प्रमाण ३ : २, विभाज्य ६, अवयव २ आणि ३, पायरी चौथी. मध्यमाचें ४ : ३, विभाज्य १२, पायरी पांचवी. शुद्ध गंधाराचें ५ : ४, विभाज्य २०, पायरी सातवी. येथपर्यंत कान आणि कागद यांचें एकमत आहे. परंतु पुढें पाहा. कोमल गंधाराचें प्रमाण ६ : ५, विभाज्य ३०, पायरी आठवी. शुद्ध रिषभाचें ९ : ८, विभाज्य ७२, पायरी तीहि आठवीच! आतां आमच्या वाचकांपैकीं ज्याच्या घरीं पेटी आहे त्यानें षड्ज आणि कोमल गंधार एकदम दाबावे, आणि मग षड्ज व रिषभ एकदम दाबावे. पहिली जोडी मऊ आणि किंचित् उदास लागते. दुसरी एकमेकांवर घासते. ऑयलरच्या हिशेबानें दोन्ही सारख्याच गोड!

अडचण एवढीच नाहीं. पेटीवरील पंचम खरा पंचम नसतो. हल्लींच्या रीतीनें लाविलेल्या पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळें पंचम षड्जाच्या दीडपट न येतां १.४९८३ पट येतो. असलें प्रमाण लहान अंकांत मांडतांच येत नाहीं. म्हणून ऑयलरच्या पायरीनें पाहूं जातां तो महाकर्कश ठरावा. पण कोट्यवधि लोक त्या पंचमावर संतुष्ट आहेत. पुढें ऑयलरनेंच कबूल केलें कीं, कान थोडीशी चूक पोटांत घालतो आणि ऐकिलेल्या प्रमाणाच्या जागीं जवळचें सोपें प्रमाण धरून चालतो. आमच्या मतें ही कबुली मूळ सिद्धांताहून अधिक मोलाची आहे. कान नुसता मोजणारा असता तर त्यानें चूक पोटांत घातली नसती. जो क्षमा करितो तो मोजतो खरा, पण त्याला आणखीहि कांहीं समजतें.

१८६३ सालीं जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यानें हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें धरिला. प्रत्येक नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक नाद मिसळलेले असतात. दोन स्वर एकदम वाजले म्हणजे त्यांचे हे बारीक नाद एकमेकांजवळ येतात, आणि फारच जवळ येऊन जुळले नाहींत तर ठोके पडूं लागतात. पेटीचे दोन सूर किंचित् बिघडले म्हणजे 'वंव वंव' असें जें ऐकूं येतें तेंच हें. ठोके सावकाश असले तर कान सोसतो. सेकंदास सुमारें ३३ पडले म्हणजे कर्कशपणा कळसास पोंचतो, असें त्यानें लिहिलें. हें स्पष्टीकरण पुष्कळ अंशीं टिकलें आहे. परंतु वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, यानें कर्कशपणाचें कारण सांपडलें, गोडीचें नव्हे. भातांत खडा नाहीं एवढ्यावरून भात रुचकर ठरत नाहीं.

या बाबतींत एक नवीन शोध आम्हांस फार बोधक वाटतो. दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हिया देशाच्या अरण्यांत त्सिमाने नांवाचे लोक राहतात. अनेकांनीं मिळून निरनिराळ्या स्वरांत एकदम गाण्याची चाल त्यांच्यांत नाहीं. जॉश मॅकडरमॉट व त्याच्या सोबत्यांनीं त्यांस जुळणारे व न जुळणारे स्वरसमूह ऐकवून काय आवडतें हें विचारिलें, आणि त्याचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध केला. ठोके पडणारा खरखरीत नाद त्या लोकांसहि नको होता. पण युरोपियन कानास जे स्वरसमूह गोड आणि जे कडू वाटतात, ते दोन्ही त्यांस सारखेच वाटले. म्हणजे खड्याचा तिटकारा सर्व मनुष्यांस आहे, परंतु कोणतें पक्वान्न गोड हें ज्या घरीं आपण वाढलों तें घर शिकवितें.

आमच्या महाराष्ट्रांतहि गोडीचा हिशेब करण्याची खटपट झाली आहे, आणि ती पेटीशींच निगडित आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेन्शन घेतलेले डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं १९१० सालीं भरताच्या नाट्यशास्त्रांतील बावीस श्रुतींचीं अंकप्रमाणें ठरविणारें एक इंग्रजी पुस्तक लिहिलें. ई. क्लेमेंट्स या सिव्हिल सर्व्हिसांतील इंग्रज न्यायाधीशानें तोच विषय उचलून १९१३ सालीं आपलें पुस्तक काढिलें, आणि बावीस श्रुति वाजविणारी पेटीहि तयार करविली. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्यासारखा गवई त्यांच्या प्रयोगांस गाऊन दाखवीत असे. पुढें १९१६ सालीं बडोद्यास पंडित भातखंडे यांच्या पुढाकारानें अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां या श्रुतिपेटीवर मोठा वाद झाला, आणि जमलेल्या गुणी लोकांचें तिच्या अंकांविषयीं एकमत होऊं शकलें नाहीं. होणार तरी कसें? गवई गंधार एका ठिकाणीं खिळवून ठेवीत नाहीं. एका रागांत तो किंचित् चढवितो, दुसऱ्यांत उतरवितो, आणि एकाच रागांत वर जातांना एक व खालीं येतांना दुसरा लावितो. पेटीस मींड नाहीं, दोन सुरांमधील वाट तिला ठाऊक नाहीं, या व अशाच कारणांनीं १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीवर बंदीच घातली होती. ती १९७१ सालीं कांहीं अंशीं उठली. आमच्या मंडळ्यांनीं मात्र या सर्व काळांत पेटी सोडिली नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अभंग-ओव्यांच्या वळणावर आपलीं गीतें लिहिलीं तेव्हां पाश्चात्य चालींस सरावलेल्या कित्येकांस तीं उपासनेस शोभणार नाहींत असें वाटलें असेल. आज त्याच गीतांवांचून उपासना सुनी वाटते. गीत तेंच आहे; बदलले ते कान.

तर मग नुसत्या स्वरांच्या प्रमाणांत गोडी पुरी सांपडत नाहीं. दुसरी एक वाट आहे, ती काळाची. आमच्यापैकीं ज्यानें कीर्तन ऐकिलें आहे त्यास सम म्हणजे काय हें सांगावयास नको. ठेका चालला आहे, गाणारा शब्दांशीं खेळत दूर निघून जातो, ऐकणाराचा जीव टांगलेला असतो कीं, आतां हा परत येतो कीं चुकतो. मृदंगवाला तोच तुकडा तीन वेळां वाजवितो. आणि तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा ठोका व गाणाराचा शब्द नेमके समेवर एकत्र पडतात. त्या क्षणीं सर्व मंडपाच्या माना हालतात. कोणीं शिकविलेलें नसतें, पण लहान मूलहि मान हालवितें. हें सुख कोणत्याहि एका स्वरांत नसून वाट पाहण्यांत आणि ती वाट फळास येण्यांत आहे. अमेरिकेंतील लेनर्ड मायर यानें १९५६ सालीं एका ग्रंथांत हीच गोष्ट मांडिली कीं, संगीत आपल्या मनांत अपेक्षा उत्पन्न करितें, ती लांबवितें, कधीं फसवितें आणि कधीं पुरविते, व भावना तेथून उठते.

अलीकडे यास शरीरशास्त्राचा आधार मिळाला आहे. कॅनडांतील माँट्रिऑल येथें व्हॅलोरी सालिंपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांचे सोबती यांनीं कांहीं माणसांस त्यांचें स्वतःचें आवडतें संगीत ऐकवून मेंदूचें निरीक्षण केलें आणि २०११ सालीं निष्कर्ष छापिला. अंगावर कांटा येण्याच्या क्षणीं मेंदूंत डोपामिन नांवाचें द्रव्य स्रवतें, जें भुकेल्यास अन्न मिळतांनाहि स्रवतें. आणि विशेष हें कीं, तो क्षण येण्यापूर्वीं, तो येणार या आशेनेंच, मेंदूच्या दुसऱ्या एका भागांत तें स्रवूं लागतें. आशेचें सुख एक आणि प्राप्तीचें एक! येथें आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों. बार्सिलोना येथील संशोधकांनीं २०१४ सालीं असें दाखविलें कीं, कांहीं निरोगी माणसांस, ज्यांचे कान व बुद्धि उत्तम आहेत आणि ज्यांस इतर सर्व सुखें कळतात, त्यांस संगीताचें सुख मुळींच होत नाहीं. म्हणून एखादा भाऊ भजनाच्या वेळीं दगडासारखा बसला असेल तर त्याची श्रद्धा थंड आहे असा निवाडा कोणीं करूं नये. आम्हींहि पूर्वीं तसा केला आहे, आणि त्याची आम्हांस लाज वाटते.

आतां अपेक्षेचें गणित होतें काय? कांहीं अंशीं होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे. विन्सेंट चुंग आणि त्याच्या सोबत्यांनीं अमेरिकेंत गाजलेलीं ७४५ गीतें घेतलीं, त्यांतील शब्द व चाल काढून टाकून केवळ मागील सुरांचे समूह ठेविले; ते सुमारें ८०,००० भरले. कशापाठीमागें काय येण्याचा संभव किती, हें यंत्राकडून मोजून घेतलें, आणि मग लोकांस ऐकवून कोणतें स्थळ किती आवडलें तें विचारिलें. १९ या सालचा शेवट असलेल्या त्या वृत्तांतांत, म्हणजे २०१९ च्या लेखांत, असें दिसून आलें कीं, पुढें काय येणार याची ऐकणारास खात्री असते तेव्हां खात्री मोडली तर त्यास आनंद होतो. आणि जेव्हां तो गोंधळलेला असतो तेव्हां अपेक्षित तेंच आलें तर आनंद होतो. वाचकहो, हें वाचून आम्हीं पुस्तक खालीं ठेविलें आणि आमच्या आईच्या अंगाई गीताची आठवण केली. भ्यालेल्या मुलास ती तेंच तें कडवें पुनः पुनः म्हणे, आणि मूल निर्धास्त झालें कीं मध्येंच एक नवा शब्द घालून त्यास हंसवी. तिनें कसलेंहि गणित केलें नव्हतें. पण आमच्या मनाची खात्री कोठें आहे आणि भीति कोठें आहे, हें तिला आमच्या तोंडाकडे पाहून कळत होतें.

तेव्हां गणित खोटें नाहीं; तें मागून येतें इतकेंच. याचें एक उदाहरण आमच्या वाचकांच्या हातांतलें आहे. सर्व बाजूंनीं सारखें ताणलेलें साधें कातडें वाजविलें तर त्याचा दुसरा नाद पहिल्याच्या सुमारें १.५९ पट येतो. त्या नादांचा मेळ बसत नाहीं, म्हणून बहुतेक नगाऱ्यांतून नुसता धडधडाट निघतो, सूर निघत नाहीं. मृदंग आणि तबला मात्र सुरांत बोलतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत व पुढें १९३४ सालीं विस्तारानें याचें कारण सांगितलें. कातड्याच्या मध्यावर जी काळी शाई थरावर थर देऊन घोटलेली असते, तिच्या वजनामुळें ते बेसूर नाद सरकून मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट व पांचपट असे येऊन बसतात. ज्या मेळासाठीं गणिती लोक समीकरणें मांडितात तो आमच्या देशांतील कारागिरानें भाताची खळ आणि लोखंडाचा कीस यांच्या साहाय्यानें, एक थर द्यावा, वाजवून पाहावा, पुनः दुसरा द्यावा, असें करीत केवळ कानानें साधिला होता. तो कोण होता हें कोणासहि ठाऊक नाहीं. चामड्यास हात लावितो म्हणून ज्यास गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्याच्याच हातचें वाद्य देवळांत वाजत होतें आणि तो बाहेर उभा होता. आमच्या मंडळ्यांतील अनेकांच्या आज्यापणज्यांनीं हें सोसलें आहे, म्हणून लिहिलें.

आतां त्या यंत्राकडे वळूं. यंत्र गाणें रचील ही कल्पना नवी नव्हे. मोजणीचें यंत्र पुरें तयारहि झालें नव्हतें तेव्हां, १८४३ सालीं, ॲडा लव्हलेस या इंग्रज बाईनें लिहिलें होतें कीं, सुरांचे संबंध जर त्यास अंकांत सांगतां आले तर तें संगीतहि रचील. १९५७ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत हिलर व आयझॅकसन यांनीं संगणकाकडून चार तंतुवाद्यांची एक रचना करवून ती प्रसिद्ध केली. १९९७ सालीं ऑरेगन येथें श्रोत्यांस तीन रचना ऐकवून ओळखावयास सांगितलें: एक सुप्रसिद्ध जर्मन संगीतकार बाख याची, एक त्याच्या धर्तीवर एका संगीतशिक्षकाची, आणि एक डेव्हिड कोपच्या यंत्राची. श्रोत्यांनीं यंत्राची रचना बाखची म्हणून सांगितली, आणि शिक्षकाची यंत्राची म्हणून! त्या बिचाऱ्या शिक्षकास काय वाटलें असेल याची आम्हांस कल्पना करवते. तेव्हां आमच्या वृद्ध उपदेशकांनीं लाजण्याचें कारण नाहीं. त्यांच्याहून शिकलेले कान फसले आहेत.

परंतु 'फसले' हा शब्द येथें योग्य आहे काय? साखर कोणत्या गिरणींत झाली हें ठाऊक नसलें तरी जिभेस लागली ती गोडी खोटी नसते. पंचम जुळला तो खरोखर जुळला. सम आली ती खरोखर आली. मन वाट पाहत होतें आणि वाट संपली. हें सर्व ईश्वरानें घडविलेल्या कानाचें व मनाचें काम आहे आणि तें यंत्रानें खोटें होत नाहीं. उपदेशकांचें दुःख निराळें होतें, आणि तें आम्हांस फार उशीरां कळलें. त्यांनीं केवळ सुख घेतलें नव्हतें. त्यांनीं रचणारास आशीर्वाद दिला होता. तो आशीर्वाद घ्यावयास कोणी नाहीं असें त्यांस सांगण्यांत आलें. सुख खोटें ठरलें म्हणून त्यांचा चेहरा उतरला नाहीं. उपकार मानावयास पुढें कोणी उरला नाहीं म्हणून उतरला.

आणि येथें आमचें त्या तरुणाशीं मतभेद आहे. हें भजन कोणींच रचिलेलें नाहीं, असें तो म्हणाला, तें बरोबर नाहीं. असलें यंत्र आपल्या मनानें कांहीं जाणत नाहीं. त्याच्या पुढें माणसांनीं गाइलेलीं व वाजविलेलीं असंख्य गीतें ठेविलेलीं असतात. कशामागून काय येतें, कोणत्या शब्दावर आवाज जड होतो, बांसरी कोठें शिरते, हें सर्व तें त्यांतून मोजून घेतें आणि त्या मोजणीवरून नवें जुळवितें. म्हणजे त्या चालीमागें हजारों गाणारे, वाजविणारे, रचणारे आहेत, ज्यांचीं नांवें पुसलेलीं आहेत. कित्येकांस विचारिलेंहि नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेंतील मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं याच कारणावरून अशा यंत्रांच्या चालकांवर फिर्यादी केल्या. कंपन्यांचें काय होईल तें होवो. पण आमच्या उपदेशकांचा आशीर्वाद वाया गेला नाहीं असें आम्हांस वाटतें. शाईचा पहिला थर देणाऱ्या त्या कारागिरासारख्याच अनेक बिननांवाच्या माणसांस तो पोंचला.

तरी एक शंका उरते, आणि ती यंत्राच्या फार पूर्वींची आहे. संत ऑगस्टीन याचा ३८७ सालीं मिलान शहरीं बाप्तिस्मा झाला, तेव्हां तेथील मंडळीचीं गीतें ऐकून त्यास रडूं आलें होतें. पुढें आपल्या आत्मवृत्ताच्या दहाव्या भागांत तो स्वतःस विचारितो कीं, मला शब्दांनीं हालविलें कीं सुरांनीं? सुरांनीं अधिक हालविलें असेल तर मीं पाप केलें असें त्यास वाटतें, आणि मग गाणेंच नको, नुसतें वाचन बरें, इतक्या टोंकास त्याचें मन जातें. आणि पुनः आपले जुने अश्रु आठवून तें मागें फिरतें. त्यानें निकाल पुरता लाविलाच नाहीं. आमचाहि लागलेला नाहीं. एवढें मात्र आम्हीं पाहिलें आहे. गेल्या उन्हाळ्यांत एका तरुण बापाच्या प्रेतापाशीं चार बाया गात बसल्या होत्या. एकीचा सूर खालीं, एकीचा वर, तिसरी रडत असल्यामुळें ओळ अर्ध्यावर सोडीत होती, आणि ठेका तर नव्हताच. ऑयलरच्या पायरीनें, हेल्महोल्ट्झच्या ठोक्यांनीं, अपेक्षेच्या हिशेबानें, कोणत्याहि मापानें तें गाणें कवडीमोल ठरलें असतें. तें गोड होतें असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. पण ती विधवा दोन दिवसांनीं पहिल्यानें बोलली ती त्या गाण्याच्या मध्यें, सुटलेली ओळ पुरी करण्यासाठीं.

हें सर्व आम्हीं त्या उपदेशकांस दिवाळीच्या सुमारास पुनः भेट झाली तेव्हां सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि त्या तरुणास बोलावून तें भजन कागदावर उतरून घ्यावयास सांगितलें. पुढच्या रविवारीं मंडळीनें तें मृदंगावर गाण्याचा प्रयत्न केला. पहिलें कडवें ठीक गेलें. दुसऱ्या कडव्यांतील तिसरी ओळ मात्र कोणाच्याहि एका दमांत बसेना; यंत्रास श्वास घ्यावा लागत नाहीं, म्हणून त्यानें थांबावयास जागाच ठेविली नव्हती. तीन वेळां सर्वांची धाप लागून हंसूं लोटलें. तेव्हां म्हाताऱ्यानें पेन्सिल मागून घेतली, ओळींतील दोन शब्द खोडिले, एक लहानसा घातला, आणि स्वतः गाऊन दाखविलें. आतां तें भजन त्या मंडळींत तसेंच गातात.